वाद्ये, संगणक आणि एकच क्लॉक: वाचकांचे प्रश्न

नवरात्र जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळी वडोदऱ्याहून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि लॅपटॉप एकत्र वाजवताना ठोका न जुळण्याबद्दल आहेत. मिडी ही वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत, आणि क्लॉक म्हणजे एका यंत्राने बाकीच्यांना लय कळवण्यासाठी सतत पाठवलेली स्पंदने. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. लय जुळणे, आवर्तनातली जागा जुळणे आणि आवाज वेळेवर बाहेर पडणे या तीन स्वतंत्र बाबी आहेत. परंतु त्यांपैकी कोणतीही बिघडली तरी वादकाची तक्रार एकाच शब्दांत येते, ती म्हणजे "सिंक जातो", अर्थात यंत्रांचा मेळ तुटतो. नेमके काय बिघडले आहे हे मोजून ठरवल्याशिवाय एकही नवी वस्तू विकत घेऊ नये.

प्रश्न: आमचा गरब्याचा वाद्यवृंद आहे. लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ढोलाचे रेकॉर्ड केलेले ट्रॅक असतात, एक ड्रम मशीन आणि दोन सिंथेसायझर मिडीने जोडलेले आहेत, ऑक्टापॅड हाताने वाजतो. क्लॉक लॅपटॉपवरून जाते. सुरुवातीला सर्व जुळते, पण पुढे ढोल आणि मशीन यांचा ठोका दुहेरी ऐकू येतो. नवा ऑडिओ इंटरफेस (संगणकातला ध्वनी बाहेर देणारी पेटी) घेण्याचा सल्ला मिळाला आहे. घ्यावा का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर: आताच घेऊ नये. प्रथम पुढील चाचणी करावी. लॅपटॉपवर प्रत्येक मात्रेला एक कोरडा, टोकदार आवाज ठेवावा आणि ड्रम मशीनवरही तसाच. लॅपटॉपचा आवाज डाव्या व मशीनचा उजव्या बाजूला घालून दोन्ही एखाद्या तिसऱ्याच यंत्रावर, म्हणजे हातात धरायच्या स्टिरिओ रेकॉर्डरवर किंवा दुसऱ्या संगणकावर, १० मिनिटे ध्वनिमुद्रित करावेत. त्याच लॅपटॉपवर मुद्रण केल्यास त्याचा स्वतःचा विलंब मोजमापात मिसळतो, म्हणून तिसरे यंत्र आवश्यक आहे. नंतर सुरुवात, मध्य आणि शेवट येथील लहरी मोठ्या करून दोन ठोक्यांमधले अंतर पाहावे.

हे अंतर सर्वत्र सारखे असेल, तर तो केवळ विलंब आहे आणि त्यावर खर्च लागत नाही. ऑडिओ बफर, म्हणजे ध्वनी बाहेर सोडण्यापूर्वी संगणक साठवून ठेवतो तो तुकडा, ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) २५६ सॅम्पलचा असेल, तर तेवढ्यानेच ५.८ मिलिसेकंद जातात. १०२४ चा असेल, तर २३ मिलिसेकंदांहून अधिक. साधारण २० ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे ढोलासारखे दोन ठोके सुटे ऐकू येऊ लागतात, आणि त्याहून कमी अंतरात ते सुटे ऐकू आले नाहीत तरी आवाज पोकळ होतो. लाइव्हच्या सेटिंगमध्ये प्रत्येक मिडी पोर्टसाठी 'मिडी क्लॉक सिंक डिले' नावाचा आकडा असतो. तो कमी-अधिक करून मशीनचा ठोका ढोलावर आणून बसवावा आणि त्यानंतर बफरला हात लावू नये, कारण बफर बदलला की हा हिशेबही बदलतो.

अंतर हळूहळू, एकाच दिशेने वाढत असेल, तर मशीन आपले क्लॉक ऐकतच नाही, ते स्वतःच्याच लयीत चालले आहे. आपण "सुरुवातीला जुळते" असे लिहिले आहे, त्यावरून मला हीच शक्यता अधिक वाटते. अनेक मशीन लॅपटॉपचा स्टार्टचा संदेश मानतात, पण लय मात्र आतल्या क्लॉकवरून घेतात, आणि दोन्ही पडद्यांवर १२० (मिनिटाला तेवढे ठोके) दिसत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. लॅपटॉप १२० वर आणि मशीन प्रत्यक्षात १२०.१ वर असेल, तर १० मिनिटांत अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे पूर्ण एका मात्रेचा फरक पडतो. मशीनच्या मेनूमध्ये क्लॉकचा पर्याय 'इंटर्नल'वरून 'एक्स्टर्नल' किंवा 'मिडी' करावा. यूएसबी आणि पाच पिनांचे मिडी असे दोन स्रोत दिसत असतील, तर जी केबल खरोखर लावली आहे तोच स्रोत निवडावा. 'ऑटो' या पर्यायावर कार्यक्रमात विसंबू नये.

तिसरी शक्यता म्हणजे अंतर कधी कमी, कधी जास्त असे डळमळणे. मिडी क्लॉक हे लयीचा आकडा पाठवत नाही. ते प्रत्येक पाव नोटेला, म्हणजे पडद्यावरच्या लयीच्या एका ठोक्याला, २४ टिक (स्पंदने) पाठवते, म्हणजे १२० च्या लयीला दर २०.८३ मिलिसेकंदांनी एक टिक. मशीन या टिकांमधले अंतर मोजून आपली लय ठरवते. संगणक त्याच वेळी ध्वनी, पडदा आणि इतर शंभर कामे सांभाळत असल्यामुळे टिक पुढेमागे होतात. क्लॉकच्या टिकला इतर संदेशांच्या मधे घुसण्याची मुभा मिडीच्या नियमांतच दिलेली आहे, परंतु स्वस्त यूएसबी-मिडी केबल ती नेहमी पाळतात असे नाही. सिंथेसायझरच्या नॉबचे शेकडो संदेश त्याच तारेवरून जात असतील, तर टिक त्यांच्या मागे अडकतो. म्हणून क्लॉकसाठी शक्यतो वेगळा पोर्ट ठेवावा, मधला यूएसबी हब काढावा, लॅपटॉपची वीजबचत आणि वाय-फाय कार्यक्रमापुरते बंद करावे, आणि एका यंत्राच्या थ्रूमधून (आलेला संदेश तसाच पुढे देणाऱ्या सॉकेटमधून) दुसरे, दुसऱ्याच्या थ्रूमधून तिसरे अशी लांब साखळी न करता एकच संदेश अनेक यंत्रांना वाटणारा थ्रू बॉक्स वापरावा.

एवढे करूनही डळमळ राहिली, तर क्लॉक मिडीऐवजी ध्वनीच्या वाटेने पाठवावे. माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. एका ट्रॅकवर आखूड स्पंदने ठेवून तो ट्रॅक इंटरफेसच्या रिकाम्या आउटपुटमधून मशीनच्या सिंक इनपुटला द्यावा. इंटरफेसमधून बाहेर पडणारा प्रत्येक सॅम्पल त्याच्या स्वतःच्या क्रिस्टलच्या तालावर बाहेर पडतो, त्यामुळे ढोल आणि स्पंदन यांचे परस्परांतले अंतर ढळत नाही. कॉर्गच्या व्होल्का मालिकेला असे सिंक इनपुट आहे आणि ते दर पाव नोटेला दोन स्पंदने घेते. आउटपुट पुरेसे मोठे ठेवावे लागते आणि तो ट्रॅक चुकूनही स्पीकरला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. ज्या मशीनला केवळ मिडी कळते, त्यांच्यासाठी ध्वनीच्या स्पंदनांवरून मिडी क्लॉक तयार करणारे ई-आरएम मल्टिक्लॉकसारखे यंत्र मिळते, पण ते महाग आहे; आधीच्या पायऱ्या संपल्याशिवाय त्याचा विचार करू नये.

आपल्याकडे रेकॉर्ड केलेले ट्रॅक आहेत, तेव्हा मास्टर, म्हणजे क्लॉक देणारे यंत्र, लॅपटॉपच असावा. बाहेरून येणाऱ्या क्लॉकमागे लॅपटॉपला धावायला लावले की तो ढोलाचे ट्रॅक क्षणोक्षणी ताणतो व आखडतो, आणि ढोलाची थाप निर्जीव होते. ट्रॅक नसतील व केवळ यंत्रेच वाजणार असतील, तर मात्र ड्रम मशीनला मास्टर करणे अधिक चांगले. गरबा चढवताना लय एकदम उडी मारून वाढवू नये. मशीन आधीच्या टिकांवरून लय काढत असल्याने उडीनंतर ते थोडे मागे रेंगाळते. चार-आठ आवर्तनांत चढ द्यावा.

ऑक्टापॅड वाजवणाऱ्यांचा एक मुद्दा यातच येतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मैदानातल्या १० मीटर दूरच्या स्पीकरवर कान ठेवून वाजवणारा वादक सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा ऐकतो आणि तेवढाच मागे वाजवतो. त्यांना जवळचा मॉनिटर किंवा तारेचा हेडफोन दिला, तर आपली निम्मी तक्रार कदाचित तिथेच मिटेल.

प्रश्न: लय अचूक जुळते, मोजूनही पाहिली. तरीही हींचच्या ठेक्यात मशीनची सम दुसऱ्याच आवर्तनापासून भलतीकडे पडते, आणि मग थोड्या वेळाने आपोआप जुळते. (एक वाचक, रावपुरा)

उत्तर: आपला सिंक उत्तम चालला आहे, चूक पॅटर्नच्या लांबीत आहे. हींच सहा मात्रांची. प्रत्येक मात्रेला मशीनच्या पॅटर्नमधले दोन खण, म्हणजे दोन पायऱ्या, धरल्या, तर आवर्तन १२ पायऱ्यांचे होते. आपले मशीन मात्र नेहमीप्रमाणे १६ पायऱ्यांवर फिरत असणार. पहिली फेरी संपून मशीन पुन्हा सुरुवातीला येते तेव्हा आपण तिसऱ्या मात्रेवर असता, त्यापुढच्या खेपेला पाचव्या मात्रेवर, आणि तिसऱ्या फेरीअखेर, म्हणजे ४८ पायऱ्यांनंतर, दोघांची सम एकत्र येते. "थोड्या वेळाने आपोआप जुळते" याचे कारण हेच.

मशीनमध्ये पॅटर्नची लांबी १२ करावी. लांबीचा पर्याय नसेल, तर काही मशीनमध्ये नको असलेल्या पायऱ्या बंद करता येतात, तशा शेवटच्या चार बंद कराव्यात. लॅपटॉपवर मापही चार-चारचे न ठेवता सहा-आठचे ठेवावे, म्हणजे एक माप म्हणजे एक आवर्तन होईल. या मांडणीत पडद्यावरचा १२० हा आकडा मिनिटाला २४० मात्रांचा आहे, हे ढोलवादकाला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तालमीचा पहिला अर्धा तास आकड्यांच्या वादात जातो.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या वाद्यवृंदातील रोलंड टीआर-६०६ हे ड्रम मशीन चालू स्थितीत आहे. मागे पाच पिनांचे सॉकेट आहे, मिडीची केबल नीट बसते, पण संगणकावरून ते सुरूच होत नाही. सॉकेट खराब आहे का? (एक वाचक, मांडवी)

उत्तर: सॉकेट खराब नाही, ते मिडीचे नाही. टीआर-६०६ हे १९८१ चे यंत्र आहे आणि मिडी आली १९८३ साली. त्यापूर्वी रोलंडची यंत्रे ज्या पद्धतीने परस्परांशी जुळत, तिला डिन सिंक म्हणतात. सॉकेटचा आकार तोच, पण आतले काम पूर्ण वेगळे आहे: एका पिनेवर चालू-बंदचा विद्युतदाब असतो, दुसऱ्या पिनेवर पाव नोटेला २४ स्पंदने येतात, आणि मिडी ज्या पिनांवरून संदेश पाठवते त्या पिना या कामात नसतातच. म्हणून केबल बसते आणि तरीही यंत्र ढिम्म राहते.

मिडी क्लॉकचे डिन सिंकमध्ये रूपांतर करणारा लहान बॉक्स घ्यावा आणि त्याचा आकडा २४ वर ठेवावा. त्या काळातील कॉर्गची यंत्रे ४८ स्पंदनांची होती. तसे एखादे यंत्र २४ वर जोडले, तर ते निम्म्या लयीत चालते, हेही लक्षात असू द्यावे. यंत्रावर सिंक आत घेण्याची आणि बाहेर देण्याची कळ असेल, तर ती 'इन'कडे करावी. कृपा करून कोणा मेकॅनिकला सॉकेटची जोडणी बदलू देऊ नका. चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारित जी इलेक्ट्रॉनिक तबकडी केली, तिच्यात याच पिढीची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रे होती. आपल्या वडिलांनी जपलेले यंत्र त्यांच्याच घराण्यातले आहे आणि मूळ स्वरूपातच राहायला हवे.

प्रश्न: मी परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत गायन शिकते. विलंबित एकतालातील बंदिशीसाठी सिंथेसायझरची पार्श्वभूमी तयार करत आहे. लय मिनिटाला १५ मात्रा आहे, पण लाइव्ह २० च्या खाली जातच नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालयंत्र संगणकाला कसे जोडावे? (एक विद्यार्थिनी, वडोदरा)

उत्तर: आपला प्रश्न मला फार आवडला, कारण या यंत्रांच्या रचनेत विलंबित लयीचा विचार झालेलाच नाही आणि तरीही त्यांच्याकडून ते काम नीट करून घेता येते.

पडद्यावरचा 'बीट' म्हणजे आपली मात्रा, हे समीकरण प्रथम सोडून द्यावे. एका मात्रेचे चार बीट धरावेत. मग १५ मात्रांची लय ६० वर येते, चार-चारचे एक माप म्हणजे एक मात्रा आणि १२ मापे म्हणजे ४८ सेकंदांचे एक आवर्तन. प्रत्येक मापाच्या सुरुवातीला बोल लिहिलेली खूण ठेवावी: पहिल्यावर 'धिं', दुसऱ्यावर पुन्हा 'धिं', तिसऱ्यावर 'धागे', याप्रमाणे. मौलाबक्ष यांनी १८८६ साली या शहरात संगीतशाळा सुरू केली, आणि स्वरलिपी कागदावर मांडून शिकवण्याची शिस्त त्यांनी येथे आणली. तशीच आपणही ही १२ मापे संगणकाला हात लावण्यापूर्वी कागदावर मांडून घ्यावीत, म्हणजे खाली कुठे आणि आमद (समेकडे येण्याची चाल) कोठून, हे डोळ्यांसमोर राहील.

या मांडणीचा क्लॉकलाही फायदा होतो. १५ च्या लयीला टिक १६७ मिलिसेकंदांच्या अंतराने पडले असते. इतक्या विरळ टिकांवर बरीच यंत्रे बिचकतात किंवा क्लॉक तुटले असे समजून थांबतात. ६० ला ते अंतर ४२ मिलिसेकंदांच्या आत येते आणि लयीतला सूक्ष्म बदल सिंथेसायझरपर्यंत लवकर पोचतो.

तानपुरा मुळीच सिंक करू नये. त्याच्या तारांचे आवर्तन तालाशी बांधलेले नसते, आणि तसे बांधले की तो ठेका दिल्यासारखा ऐकू येतो. सूर मात्र तंबोऱ्याचा कानाने लावून मग सिंथेसायझर त्याच्याशी मिळवावा, उलट नव्हे. घरोघरी असलेल्या तालयंत्रांना सहसा क्लॉकचे इनपुट नसते, त्यामुळे ते जोडण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. त्याच्या पडद्यावरचा १५ आणि संगणकाचा १५ हे एकच असतील, असे गृहीत धरू नये. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दाखवल्याप्रमाणे ते निसटत जातात.

माझे प्रामाणिक मत असे की आपण तबलावादकाबरोबर गावे आणि प्रथम तेच ध्वनिमुद्रित करावे. ख्यालात लय अगदी थोडी चढते, आणि ती चढण हा दोष नव्हे. ध्वनिमुद्रणानंतर प्रत्येक समेवर, जमल्यास प्रत्येक मात्रेवर, हाताने खूण करून संगणकाच्या लयीचा नकाशा त्या तबल्याप्रमाणे वळवावा. मग संगणकातून निघणारे क्लॉकही त्या तबल्याच्या चालीने चालते आणि सिंथेसायझर माणसामागे जातो. २०२१ मध्ये आलेल्या लाइव्हच्या ११ व्या आवृत्तीत आवाज ऐकून लय धरण्याची सोय आहे, पण ती ठसठशीत, नियमित ठोक्यांना उपयोगी पडते. विलंबित ठेक्यातल्या मोकळ्या जागा आणि भरणा यांत ती गोंधळेल. तेथे हाताने केलेल्या खुणाच बऱ्या.

प्रश्न: आमच्या नाटकात एका लॅपटॉपवरून पार्श्वसंगीत आणि दुसऱ्यावरून पडद्यावरची चित्रफीत चालते. मध्यंतरापर्यंत दोन्हींत काही सेकंदांचा फरक पडतो. मिडी क्लॉक पाठवावे का? (एका नाट्यमंडळाचे ध्वनिसंयोजक)

उत्तर: नाही. क्लॉकला मात्रा कळतात, घड्याळाची वेळ कळत नाही. आपल्याला मिडी टाइमकोड हवा, जो तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम सांगतो. दोन्ही लॅपटॉपवर फ्रेमचा दर एकच ठेवावा. आपल्याकडे २५ ठेवणे सोयीचे. एका ठिकाणी ३० आणि दुसऱ्या ठिकाणी २९.९७ राहिले, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, आणि आपण लिहिलेली लक्षणे त्याच्याशी मिळतीजुळती आहेत. मोबाइलवर चित्रित केलेल्या फितीत फ्रेमचा दर मुळातच कमी-जास्त होत असतो, तेव्हा ती प्रथम स्थिर दरात रूपांतरित करून घ्यावी. संगीत आणि चित्र एकाच लॅपटॉपवरून चालवणे शक्य असेल, तर तेच करावे. दोन यंत्रे जुळवण्यापेक्षा ते केव्हाही निर्धास्त.

प्रश्न: आम्ही तीन मित्र लॅपटॉप, टॅबलेट आणि मोबाइलवर एबलटन लिंक वापरून वाजवतो. घरी उत्तम चालते, मैदानावर तुटते. (एक वाचक, सयाजीगंज)

उत्तर: २०१६ साली आलेल्या लिंकमध्ये मास्टर कोणीच नसतो, एकाच नेटवर्कवरची उपकरणे लय आणि मापातली जागा आपसात ठरवतात. त्यामुळे सारे काही नेटवर्कवर अवलंबून असते, आणि हजारो मोबाइल असलेल्या मैदानावर वाय-फायचे मार्ग तुंबतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका. स्वतःचा छोटा राउटर न्यावा, त्याला इंटरनेट जोडू नये, त्याचा पासवर्ड तिघांखेरीज कोणाला देऊ नये, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा आणि लॅपटॉप तर थेट लॅन केबलनेच राउटरला जोडावा.

लिंक लय जुळवते, पण सुरू आणि बंद करण्याचा संदेश आपोआप पाठवत नाही. ती सोय २०१८ मध्ये आली आणि प्रत्येक ॲपमध्ये वेगळी चालू करावी लागते. मापाची लांबीही तिघांकडे एकच हवी. एकाकडे चार आणि दुसऱ्याकडे तीन असेल, तर रावपुऱ्याच्या वाचकांना आलेलाच अनुभव आपल्यालाही येईल. ब्लूटूथचा हेडफोन किंवा स्पीकर सरावातही वापरू नये. त्याचा विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांच्याही पुढे असतो आणि उपकरणाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो लिंकच्या हिशेबात धरता येत नाही. तिघांचेही आवाज तारेनेच मिक्सरला न्यावेत.